शाळेत मुलाचं ऐकणारं कोणी आहे का?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील करिअरच्या संधी’. मी फोन करून सांगितलं, या विषयावर मी सहा वर्षं बोलतोय, आता दुसरं काही बोलू द्या. त्यांनी विचारलं, काय? मी म्हटलं, शाळेतल्या समुपदेशकाबद्दल. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "म्हणजे करिअर गायडन्सच ना?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच आज उभा आहे.

आधी एक कबुली. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा इंजिनीअर झाला, पुण्यात नोकरीला लागला की तो आपोआप ‘मार्गदर्शक’ होतो. त्याला कोणी शिकवत नाही, तोही कोणाला विचारत नाही. निकाल लागले की फोन सुरू होतात. हॉल ठरतो, बॅनर लागतो, गुणवंतांचा सत्कार, ट्रॉफी, बिर्याणी, आणि मधे माझं चाळीस मिनिटांचं भाषण. ध्येय ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा, मी बघा कुठून आलो. टाळ्या पडायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर चहा वाटणारे एक चाचा माझ्याजवळ आले. म्हणाले, "बेटा, ये बच्चे तो पढनेच वाले हैं. जो आएच नै, उनका क्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हसून चहा घेतला. पण पुण्याला परतताना एसटीत मला एकच मुलगा आठवत राहिला, माझ्या बाकावरचा.

आम्ही आठवीत होतो. २००२ साल. तो बागवानांचा. त्याचे अब्बा फळांचा हातगाडा लावायचे. पहाटे चारला मार्केट यार्डात सौदे निघायचे, तेव्हा हा अब्बांबरोबर पेट्या उचलायला. सहाला घरी, सातला शाळेत. पहिल्या दोन तासांत तो झोपायचा. झोपला की छडी. मग बाहेर उभं राहणं, मग अंगठे धरणं. थोड्या दिवसांनी त्याने एक युक्ती काढली. झोप यायला लागली की तो मुद्दाम काहीतरी खोड काढायचा, पुढच्याच्या दप्तरात खडू टाकायचा, म्हणजे सर उभं करतील आणि उभ्याने झोप येणार नाही. ही युक्ती मला माहीत होती, कारण त्याने मलाच सांगितली होती. सहामाहीनंतर वर्गशिक्षकांनी हजेरीपटासमोर त्याचं नाव घेऊन म्हटलं, "हा वाया गेलेला आहे." नववीत तो आला नाही. दाखलाही त्याने नेला नाही.

मी त्याच्या शेजारी बसत होतो. मला सगळं माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणाला? सर मारणारे, हेडसर त्याहून जास्त मारणारे, आणि घरी सांगावं तर घरच्यांनाच तो पेट्या उचलायला हवा होता. शाळेत साडेसहाशे मुलं आणि वीस-पंचवीस मोठी माणसं, पण "तू रात्री किती वाजता झोपतोस?" एवढा प्रश्न विचारणं हे कोणाचंच काम नव्हतं.

ज्याचं ते काम असतं, त्याला समुपदेशक म्हणतात.

आपल्याकडे या शब्दाचे दोनच अर्थ पोचलेत. एक, दहावीनंतर कोणती साइड घ्यायची ते सांगणारा. दुसरा, पागलों का डॉक्टर. पहिल्या अर्थाला इतिहास आहे. या व्यवसायाची सुरुवातच नोकरीच्या सल्ल्यातून झाली. १९०८ मध्ये अमेरिकेत बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी कामगार वस्तीतल्या तरुणांसाठी असं केंद्र काढलं. आपल्या मुंबईत १९४७ साली पारशी पंचायतीने आपल्या मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र सुरू केलं. इथे मला थोडा हेवा वाटतो. संख्येने एवढासा समाज, पण शिष्यवृत्ती दिली म्हणजे झालं असं ते समजले नाहीत. मुलाशी बसून बोलायला पगारी माणूस लागतो, हे त्यांनी ओळखलं.

पण नोकरीच्या सल्ल्यावर हे काम थांबलं नाही. जिथे ते नीट चालतं तिथे समुपदेशक तीन गोष्टी एकत्र बघतो: अभ्यास, पुढची वाट, आणि मुलाचं मन व वागणं. एकत्र, कारण मुलात त्या एकत्रच असतात. माझा मित्र गणितात नापास होत होता, वर्गात खोड्या काढत होता आणि पुढे काय करायचं याचा विचार करत नव्हता, या तीन अडचणी नव्हत्याच. एकच होती, पहाटे चारची.

मी इंजिनीअर आहे, मला ‘बरं वाटतं’ एवढ्यावर समाधान होत नाही. म्हणून मी वाचायला लागलो की याने खरंच फरक पडतो का, आणि कोणी मोजलाय का. मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला अभ्यास अमेरिकेतला नाही, बिहारमधला आहे. नालंदा जिल्हा. गोव्यातली ‘संगत’ नावाची संस्था मानसिक आरोग्यात काम करते, त्यांच्या लोकांनी तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये तो केला आणि २०१८ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कार्यक्रमाचं नाव ‘सेहर’. उर्दूत सेहर म्हणजे पहाट, तुम्हाला सांगायला नको.

त्यांनी काय केलं ते नीट ऐका. पाऊणशेच्या आसपास शाळा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात प्रत्येक शाळेत एक स्थानिक माणूस नेमला, ‘सेहर मित्र’. तो मानसशास्त्रज्ञ नव्हता. त्याला प्रशिक्षण दिलं आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवली. दुसऱ्या गटात तेच प्रशिक्षण, तेच काम, पण ते शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं. तिसऱ्या गटात नवीन काही नाही, फक्त सरकारचा जीवनकौशल्याच्या तासांचा जो कार्यक्रम असतो तो. तो तिन्ही गटांत होता.

काम काय होतं? परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणं, भित्तिपत्रक काढणं, मुलांच्या स्पर्धा आणि गट, शाळेत एक पत्रपेटी, आणि जो मुलगा किंवा मुलगी येईल त्याच्याशी एकट्याने बसून बोलणं. तुम्ही म्हणाल, पत्रपेटी काय, आमच्याही शाळेत तक्रारपेटी आहे. आहे ना. ती हेडसरांच्या केबिनबाहेर, शिपाईमामांच्या स्टुलाच्या वर टांगलेली असते. तिला कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे असते ते कोणालाच माहीत नसतं. मुलं पेटीत लिहितात, ती कोणीतरी वाचणार आणि आपल्याला काहीतरी सांगणार असा भरवसा असेल तरच.

आठ-नऊ महिन्यांनी नववीच्या मुलांना विचारलं. सेहर मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं होतं, मुलांमधली उदासी कमी झाली होती, दादागिरी आणि मारामारी कमी झाली होती. आणि शिक्षकांकडे काम सोपवलेल्या शाळांत? तिसऱ्या गटाच्या तुलनेत काहीच फरक नाही.

हे मी दोनदा वाचलं. तेच पुस्तक, तेच प्रशिक्षण, आणि काही नाही. हा शिक्षकांवर ठपका नाही. माझी आपा शिक्षिका आहे. मतदारयाद्या, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, साठ मुलांचा वर्ग, आणि वर आता समुपदेशनही कर म्हटलं तर ती कागदावर सही करेल, दुसरं काय करणार? पण वेळेपेक्षाही मोठी अडचण मला वाटते ती अशी: जो माणूस गुण देतो, शिक्षा करतो, आणि उद्या स्टाफरूममध्ये बसणार आहे, त्याला मूल सगळं सांगत नाही. मी तरी सांगितलं नसतं.

आणि तिसऱ्या गटाबद्दल तुमच्या लक्षात आलं का? तिथेही तास होत होते, भाषणं होत होती. म्हणजे माझ्यासारखे लोक होतेच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. नालंदाच्या अभ्यासात जे मोजलं ते वागणं आणि मन, परीक्षेचे गुण नव्हे. गुणांबद्दल मला सापडलं ते अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं. तिथल्या एका भागातल्या प्राथमिक शाळांत विद्यापीठाचे विद्यार्थी समुपदेशक म्हणून उमेदवारी करायला यायचे, कधी एक जास्त, कधी एक कमी. कॅरेल आणि होकस्ट्रा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा फायदा घेऊन हिशोब मांडला. शाळेत एक समुपदेशक वाढला की बेशिस्तीच्या घटना कमी होतात आणि मुलग्यांचे गुण थोडेसे वाढतात. शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीत उभी केली तर एका जागेहून जरा अधिक पुढे. फार नाही वाटत. पण हा एक समुपदेशक अख्ख्या शाळेला वाढवलेला होता, प्रत्येक मुलाला नाही, हे लक्षात घ्या. आणि वर्ग लहान करण्यासारख्या महागड्या उपायांच्या पुढे हा उपाय फिका पडत नाही, असं ते सांगतात.

आता हे कसं घडतं? तो माणूस नेमकं करतो काय? मला वाटायचं गोड बोलत असेल. खरं म्हणजे त्याचं निम्मं काम माझ्यासारखंच आहे.

माझी नोकरी सर्व्हर चालू ठेवण्याची आहे. सर्व्हर एकदम पडत नाही. आधी थोडा मंद होतो, मेमरी भरत जाते, एखादी विनंती अडकते. आम्ही रात्रभर त्या आकड्यांवर नजर ठेवतो, म्हणजे पडण्याआधी कळतं. शाळेतलं मूलही एकदम गळत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या सहावीच्या मुलांच्या नोंदी कित्येक वर्षं पुढे तपासत नेल्या. हजेरी ८० टक्के किंवा त्याहून कमी, गणितात नापास, भाषेत नापास, वागणुकीचा वाईट शेरा. यातली एकही खूण सहावीत दिसली, तर ते मूल शालान्त परीक्षेपर्यंत पोचण्याची शक्यता खूपच घटते. सहावीत! आपण धावतो दहावीला.

या चारही खुणा तुमच्या शाळेत आजच्या तारखेला लिहिलेल्या आहेत. हजेरीपटात आहेत, निकालपत्रकात आहेत. लिहिणारा आहे, वाचणारा नाही. मागच्या वर्षी आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांची हजेरी मी साध्या एक्सेलमध्ये टाकली. काही भारी नाही, तुमच्यातला कोणीही करेल. लागोपाठ दोन आठवडे तीन दिवस गैरहजर असेल तर नाव लाल. पहिल्या महिन्यात नऊ नावं लाल झाली. त्यातल्या सात मुलांबद्दल आमच्यातल्या कोणाला काहीही माहिती नव्हती, आणि ती रोज आमच्यासमोर बसत होती. एकीच्या अम्मीला टीबी झाला होता, स्वयंपाक तिच्यावर आला होता. एकाचा चष्मा फुटला होता. चष्मा! दोन महिने त्याला फळा दिसत नव्हता. नववीतल्या एकीच्या रस्त्यावर काही पोरं उभी राहायची. ती घरी सांगत नव्हती, कारण सांगितलं तर पोरांचं काही होणार नाही, तिची शाळा बंद होईल. हे तिने स्वतः आमच्या एका कार्यकर्तीला सांगितलं, आणि तिचं काही चुकलं होतं असं मला वाटत नाही.

लाल रंग फक्त एवढंच सांगतो की जाऊन विचारा. विचारायला माणूसच लागतो.

आता वागण्याबद्दल. इथे मी पुन्हा माझ्या मित्राकडे येतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. आता त्याचा स्वतःचा गाळा आहे, टेम्पो आहे. म्हणाला, "पोराच्या शाळेतून बोलावणं आलंय. तू चल. तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील." पोरगा सातवीत. दुसऱ्या मुलाला मारलं होतं, ओठ फुटला होता. आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. त्यांनी दोन वाक्यं बोलली असतील नसतील, तोवर माझ्या मित्राने उठून पोराच्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर. आणि हात जोडून म्हणाला, "सर, चमडी तुमची, हड्डी आमची. तुम्ही काही करा, मी विचारायला येणार नाही."

त्याला दाखवायचं होतं की आम्ही बेजबाबदार घरातले नाही. मला ते दिसत होतं, आणि मान वर होत नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी करतं. आमच्या आठवीत हा कायदा नव्हता. पण कायदा येऊनही माझा मित्र आपल्या पोरासाठी तीच शाळा मागत होता जिने त्याला बाहेर काढलं होतं.

त्या संस्थेने चार शाळांत मिळून एक समुपदेशक नेमलेल्या आहेत. एमएसडब्ल्यू झालेल्या, तिशीच्या आतल्या मॅडम. त्या तिथेच बसल्या होत्या. चार शाळांना एक. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक असावा म्हणते, यावरून अंदाज करा. मॅडमनी मारामारीबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी वर्गशिक्षकांकडून एक गोष्ट मागितली: जून महिन्यापासून याला वर्गाबाहेर कधी कधी काढलं आणि कोणत्या तासाला. लिहिलेलं नव्हतं, पण वर्गातल्या मॉनिटरला सगळं पाठ होतं. यादी झाली. जवळजवळ सगळ्या वेळा मराठीच्या आणि इतिहासाच्या तासाच्या. गणिताच्या तासाला एकदाही नाही.

मग त्या पोराशी एकट्याने बोलल्या. एकदा नाही, तीन वेळा. त्यातून निघालं ते असं. हा चौथीपर्यंत उर्दू शाळेत होता. पाचवीत मराठी शाळेत आला. बोलायला मराठी फर्डी, आपल्या सगळ्यांसारखी, पण देवनागरी वाचायला वेळ लागतो. मराठीच्या आणि इतिहासाच्या तासाला सर बाकाबाकाने धडा वाचायला लावायचे. पाळी दोन बाकांवर आली की हा काहीतरी खोड काढायचा आणि बाहेर जायचा. शिक्षा होते असं सरांना वाटत होतं, आणि याची सुटका होत होती. बाप खोड काढायचा जागं राहायला, पोरगा काढत होता वाचन टाळायला. त्या दिवशी मात्र सरांनी बाहेर न काढता वाचायलाच लावलं, हा अडखळला, आणि मागून एकजण म्हणाला, "उलटीकडून वाच, मग येईल." मधल्या सुट्टीत ओठ फुटला.

मॅडमनी काय केलं ते सांगतो, कारण ऐकायला ते अगदी साधं आहे. मराठीच्या सरांशी ठरवलं की याला अचानक उठवायचं नाही, उद्या कोणता परिच्छेद वाचायचाय ते आदल्या दिवशी सांगायचं. पोराला एक कार्ड दिलं. सकाळी आल्यावर शाळेतल्या एका ठरलेल्या माणसाला भेटायचं, प्रत्येक तासाला शिक्षकांनी त्यावर एक खूण करायची, शाळा सुटताना पुन्हा त्याच माणसाला दाखवायचं. ही पद्धत बाहेर बऱ्याच शाळांत वापरतात. गंमत म्हणजे तो ठरलेला माणूस ग्रंथालयातले लिपिक होते, कारण पोराने त्यांचंच नाव घेतलं. रोज वीस मिनिटं वाचनाचा सराव अभ्यासिकेतली एक कॉलेजची मुलगी घेते. आणि जो ‘उलटीकडून’ म्हणाला होता त्या मुलाशीही मॅडम बोलल्या, त्याच्या घरी बोलल्या. मारणाऱ्याला मारल्याची भरपाई करायला लावली, त्या मुलाची माफी मागायला लावली. ते सुटलं नाही, सुटायलाही नको होतं.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आठव्या दिवशी मॅडमनी माझ्या मित्राला फोन केला. त्याने मला लगेच फोन केला, घाबरून: "परत काहीतरी केलं वाटतं." त्यांनी फक्त एवढं सांगितलं होतं की या आठवड्यात तो एकदाही वर्गाबाहेर गेला नाही. शाळेतून चांगली बातमी सांगायला फोन येतो, हे त्याला माहीतच नव्हतं. आपल्या किती घरांत माहीत आहे?

आता आपल्या समाजाचं थोडं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच बाहेर पडली होती. हा आकडा सांगून आपण आरक्षण मागतो, शिष्यवृत्ती मागतो, वसतिगृहं मागतो, आणि मागायलाच हवीत. समुपदेशक मागितलेला मी कुठल्याही निवेदनात पाहिला नाही. मीही निवेदनं लिहिली आहेत, मीही लिहिला नाही.

एक प्रश्न मला नेहमी येतो: समुपदेशक आपल्यातलाच हवा का? अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यात क्रिस्टीन मलहर्न यांनी अभ्यास केलाय. तिथे अनेक शाळांत आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून मुलं समुपदेशकांत वाटली जातात, त्यामुळे तुलना करता येते. आपल्याकडे अशी वाटणी केली तर अर्धा वर्ग ‘श’ मध्ये जाईल, शेखांचा. असो. त्यांना दिसलं की चांगला समुपदेशक मिळणं हे मुलाच्या पुढच्या शिक्षणात खरंच फरक पाडतं, आणि समुपदेशक मुलाच्याच वंशाचा असेल तर त्याचा फायदा होतो. मला हे पटतं. घरात कोणती भाषा आहे, रमजानमध्ये सहरीला उठलेलं मूल दुपारी का पेंगतं, हे ज्याला माहीत आहे त्याला पाच प्रश्न कमी विचारावे लागतात.

पण मी दुसरी बाजूही पाहिलीय. मोहल्ल्यात गोष्ट राहत नाही. मुलगी काहीतरी सांगते, ऐकणारी तिच्या खालाच्या नात्यातली निघते, संध्याकाळपर्यंत घरी. ओळखीची माणसं म्हणजे विश्वासाची माणसं असं नसतं. त्या एमएसडब्ल्यू मॅडम आपल्या समाजातल्या नव्हत्या, आणि पोरगा त्यांच्याशी बोलला, कदाचित त्यामुळेच बोलला. दोन्ही प्रकारची माणसं असावीत, आणि ज्याला निवडायचंय त्याने निवडावं, एवढंच मी म्हणेन.

आता करायचं काय. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर एका निकालात देशभरच्या शिक्षणसंस्थांना सूचना दिल्यात. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आपल्या संस्थांच्या शाळांनाही हे लागू होतं, दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी तिथून सुरुवात करू. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या अम्मी, खाला, भाभी तिथे सह्या करून येतात. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारावं: आपल्याकडे समुपदेशक कोण? कोणत्या दिवशी येतात? कुठे बसतात? दार बंद होतं का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्टाफरूमच्या कोपऱ्यात टेबल टाकून कोणी मन मोकळं करत नाही.

आणि तुम्ही. तुमच्यातले बरेच जण पदवीधर आहेत किंवा होणार आहेत. नालंदातले मित्रही मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. पण ते शिकले होते, आणि त्यांच्यावर कोणीतरी लक्ष ठेवणारं होतं. हे विसरून कोणी दोन व्हिडिओ बघून समुपदेशक होऊ नका. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर ते गुपित ठेवायचं नाही. ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे, चाइल्डलाइनचा १०९८, दोन्ही फुकट, दोन्ही आत्ता मोबाइलमध्ये टाका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. तिथे ‘समाजाची बदनामी’ म्हणून मिटवायला कोणी आलं तर त्याला हे कलम १९ दाखवा. मुलाला सुरुवातीलाच सांगायचं असतं की तुझं बोलणं मी कोणाला सांगणार नाही, या गोष्टी सोडून.

मी स्वतः करिअरची भाषणं बंद केलीत असं नाही. वर्षातून एक करतो. बाकी रविवार मी त्या एक्सेलला देतो, आणि लाल नावांच्या घरी दोघं-तिघं मिळून जातो. आधी चहा होतो, मग बोलणं होतं. काही घरांत दुसऱ्यांदा गेल्यावरच दार नीट उघडतं. नऊपैकी पाच मुलं नियमित यायला लागली. दोन अजून अधूनमधून येतात. टीबी झालेल्या अम्मींची मुलगी आता रोज नाही, पण येते. एक मुलगा सुरतला कामाला गेला, त्याच्यापर्यंत आम्ही उशिरा पोचलो.

माझ्या मित्राचा पोरगा आता आठवीत आहे. परवा भेटला तेव्हा मी विचारलं, वाचन कसं चाललंय? म्हणाला, "चाचा, हळू येतं, पण येतं." अजूनही मारामारी करतो का, असं विचारलं तर त्याने बापाकडे बघितलं आणि म्हणाला, एकदा झाली. बापाचा हात वर गेला होता. मग त्याने तो केसांतून फिरवला आणि मला म्हणाला, "चल, यार्डात जाऊ, आज सीताफळ उतरलंय."

प्रश्न असतील तर विचारा.